थैलीला लेबल लागते, मग सॉफ्टवेअरला काऊन नाही?



मृगाच्या आधी बियाण्याची खरेदी उरकली. सोयाबीनच्या चार थैल्या आणि कपाशीची पाकिटं. मनीषनगरातून वावरात जाता जाता वाटेतल्या कृषी केंद्रावर थांबलो आणि सवयीप्रमाणे दुकानातच उभं राहून थैलीची निळी चिट्ठी वाचली. वाण कोणतं, लॉट नंबर काय, तपासणी कोणत्या तारखेची, उगवण किती टक्के, कधीपर्यंत चालते. दुकानदार हसला. म्हणे, "काकाजी, तुम्ही एकटेच वाचता हे." मी म्हटलं, "बापा, ज्या वर्षी उगवत नाही त्या वर्षी सगळेच वाचतात."

तिथून आमच्या गटाच्या गोडाऊनवर गेलो. कॉम्प्युटर चालू केला तर समोर निरोप: "नवीन अपडेट उपलब्ध आहे. सुधारणा व त्रुटी दुरुस्ती." खाली दोन बटणं. एक "आता", दुसरं "थोड्या वेळाने". "नाही" नावाचं बटणच नाही. काय सुधारलं, कोणती त्रुटी होती, नंबर काय, एक अक्षर नाही. बियाण्याच्या एका थैलीला एवढी मोठी चिट्ठी, आणि ज्याच्यावर अख्ख्या गटाचा हिशोब चालते त्याला चार शब्द!

माझ्या अंगावर काटा आला. काऊन आला ते सांगतो. आजची नोंद त्याचीच आहे. पेरणीचं उद्या लिहितो.

मागल्या दिवाळीनंतर काय झालं

मी काही कॉम्प्युटरवाला नाही. दहावी पास, पन्नाशी उलटलेली, तीस वर्षं वावरात. पण गटात दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून पासवर्ड माझ्याकडे आला. कंपनीच्या भाषेत मी "ॲडमिन". आम्ही सभासदांचं सोयाबीन, तूर, हरभरा गोडाऊनवर मोजून घेतो आणि एकत्र विकतो. इलेक्ट्रॉनिक काटा कॉम्प्युटरला जोडलेला आहे. वजन आपोआप आत जाते, पट्टी बाहेर येते. सॉफ्टवेअर एका खासगी कंपनीचं आहे. तिचं नाव घेत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही, या धंद्याच्या सवयीशी आहे.

काट्यावर गावचाच एक पोट्टा होता. बारावी झालेला, हिशोबाला पक्का. रिकाम्या बारदान्याचं वजन आम्ही ६०० ग्रॅम धरतो. तो काय करायचा, आधी रिकामी थैली काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा आणि मग भरलेली थैली मोजायचा. म्हणजे बारदाना तिथंच वजा. दोन हंगाम असंच चाललं, कोणाची तक्रार नाही.

मग ऐन खरेदीच्या गर्दीत एक दिवस असाच निरोप आला. मी "आता" दाबलं. हो, मीच दाबलं. पाच मिनिटांनी कॉम्प्युटर परत सुरू झाला, पट्ट्या निघू लागल्या, मी विसरून गेलो.

नऊ दिवसांनी एक काकू पट्टी घेऊन आल्या. त्यांनी घरी एकेक थैली ५० किलो ६०० ग्रॅम भरून, मोजून, २२ थैल्या आणल्या होत्या. बारदाना वजा जाता ११ क्विंटल व्हायला पाहिजे. पट्टीवर होतं १० क्विंटल ८६ किलो ८०० ग्रॅम. १३ किलो २०० ग्रॅम कमी. भाव ४,२०० होता, म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या वर गेले. काकू काही भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, माझा काटा खोटा असंन तर सांगा."

त्यांच्या मागून आणखी चार जण आले. त्याच दिवशी गोडाऊनमधला माल मोजला तर तो पुस्तकापेक्षा १२ क्विंटल ९० किलो जास्त! शेतकऱ्याच्या पट्टीवर कमी, गोडाऊनमध्ये जास्त. गावात याचा एकच अर्थ होते. काटा मारला.

आणि काट्यावर कोण होता? पोट्टा. तो रडकुंडीला येऊन सांगत होता, "काकाजी, मी काहीच बदललं नाही जी. रोज करतो तसंच करून राहिलो." मंडळी, खरं सांगतो, मीही त्याच्याकडे संशयानं पाहिलं. तोंडानं काही बोललो नाही, पण त्याला ते दिसलं असणार.

कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर: "सर, आपण लेटेस्ट व्हर्जनवरच आहात." मी विचारलं, त्याच्या आधी कोणत्या होतो? "सर, तीपण लेटेस्टच होती." नंबर विचारला तर स्क्रीनवर जो आधी होता तोच आताही. वर्धा जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या गटाला फोन केला, त्यांच्याकडेही हेच सॉफ्टवेअर. तेही म्हणाले, आमचंही लेटेस्ट. पण माझ्या स्क्रीनवर जे खानं दिसत होतं ते त्यांच्याकडे नव्हतंच. एकच नाव, एकच नंबर, आणि दोन वेगवेगळ्या वस्तू.

शेवटी रात्री नऊ दिवसांच्या पट्ट्या जमिनीवर मांडून बसलो. एका दुपारी ११ च्या पट्टीवर तारीख एका पद्धतीनं छापलेली, १२ च्या पट्टीवर दुसऱ्या. म्हणजे इथं काहीतरी बदललं. सकाळी २० किलोचं प्रमाणित वजन काट्यावर ठेवलं. काट्याच्या आकड्यात बरोबर २०. पट्टीवर १९ किलो ४०० ग्रॅम.

नवीन सॉफ्टवेअरनं बारदाना स्वतःच कापायला सुरुवात केली होती. आपोआप, प्रत्येक थैलीमागं ६०० ग्रॅम. पोट्टा काट्यावर कापत होता, कॉम्प्युटर पुन्हा कापत होता. २,१५० थैल्या गुणिले ६०० ग्रॅम, १२ क्विंटल ९० किलो. ग्रॅमचाही फरक नाही. पैशात ५४,१८० रुपये.

पैसे आम्ही सगळ्यांना घरपोच परत केले, पट्ट्या दुरुस्त करून दिल्या. पण पोट्ट्याला गावानं चोर म्हटलं, ते कोण परत करणार? तो आता बुटीबोरीला कंपनीत जाते. मी घरी जाऊन माफी मागितली. "जाऊ द्या ना काकाजी" म्हणाला, पण काट्यावर परत आला नाही.

आता सांगा, त्या दिवशी निरोपात एवढंच लिहिलं असतं की "यापुढे बारदाना सॉफ्टवेअर कापेल, काट्यावर कापत असाल तर बंद करा", तर यातलं काय झालं असतं? काहीच नाही. एका ओळीचं काम होतं.

काट्याला शिक्का आहे, पट्टीला नाही

आपला इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापनवाल्यांकडून दरवर्षी तपासून, शिक्का मारून घ्यावा लागते. दुरुस्त केला तर पुन्हा तपासणी. बरोबरच आहे. पण काट्यातून वजन निघून पट्टीवर येईपर्यंत मध्ये जे सॉफ्टवेअर बसलं आहे, ते रात्रीतून बदललं तरी कोणी विचारत नाही. आमचा काटा खरा होता, शिक्का खरा होता, पोट्टा खरा होता. तरी पट्टी खोटी निघाली.

आपल्याला हे कोणी शिकवायची गरज नाही

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला कशाला पाहिजे व्हर्जन अन् नंबर. अहो, आमचा सगळा जन्म नंबरातच गेला. जेएस-३३५ म्हटलं की पोरगं पण सांगते सोयाबीनचं कोणतं वाण. जेएस-९३०५ म्हटलं की लवकर निघणारं. कपाशीत २००२ साली बीजी-१ आलं, त्यात अळीविरुद्धचं एक जनुक. २००६ मध्ये बीजी-२ आलं, त्यात दोन. पाकिटावरचा आकडा बदलला तेव्हा आतलं खरंच बदललं होतं. पुढे गुलाबी बोंडअळी बीजी-२ लाही जुमानेनाशी झाली, तेव्हा निदान कोणत्या पाकिटाबद्दल बोलतो आहोत हे तरी सगळ्यांना समजत होतं. ज्या पाकिटावर धड नाव नाही, नंबर नाही, बिल नाही, त्याला आपण चोरबीटी म्हणतो. मग विनानंबरच्या सॉफ्टवेअरला काय म्हणायचं?

त्याहून चांगलं उदाहरण आपल्या कपाटात पडलेलं आहे. सातबारा.

सातबाऱ्यावर एक अक्षर बदलायचं असेल तर फेरफार लागते. वारस चढवा, बोजा चढवा, बोजा उतरवा, खरेदी करा, प्रत्येक गोष्टीला गाव नमुना सहामध्ये नोंद, आणि प्रत्येक नोंदीला नंबर. काय बदललं, कशाच्या आधारानं, कोणत्या तारखेला, सगळं लिहायचं. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस, चावडीवर नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करणार. नामंजूर झाली तरी नोंद खोडत नाहीत. नंबर तसाच राहते, शेरा पडते. आजोबाच्या काळातला फेरफार काढला तरी समजते की धुरा कधी अन् काऊन सरकला.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुनाच बदलला, तेव्हा तर शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीख थेट सातबाऱ्यावर यायला लागली. म्हणजे कागद हातात घेतला की समजते, हा कोणत्या बदलापर्यंतचा आहे. मंजूर व्हायचा फेरफार असेल तर तोही दिसते. याला म्हणतात आवृत्ती क्रमांक! तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, चकरा माराव्या लागतात ती गोष्ट वेगळी. पण पद्धत पाहा. बियाण्याचा कायदा १९६६ चा, जमीन महसूल संहिताही १९६६ ची. साठ वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नसताना, शाईच्या दौतीवर जे जमत होतं ते आज एवढ्या मोठ्या कंपन्यांना जमत नाही?

आणि सॉफ्टवेअरमध्ये जमतच नाही असंही नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. २०२२ च्या खरिपात तिची दुसरी आवृत्ती आली तेव्हा नवीन काय ते सांगितलं होतं. गटाच्या मध्यबिंदूपासून तुम्ही किती दूर उभे आहात ते फोटो काढताना दिसेल, स्वतः केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येईल, आणि तलाठी सगळ्या नोंदी न तपासता १० टक्के तपासेल. या तीन गोष्टी माहीत असल्या की शेतकऱ्यालाही आपला हक्क समजते आणि तलाठ्यालाही आपलं काम समजते. पीक चुकून दुसरं पडलं तर ४८ तास हातात आहेत, हे ज्याला माहीत तोच वाचते.

तीन आकड्यांचं गणित

माझ्या पुतण्यानं मला समजावून सांगितलं, तो पुण्यात हेच काम करते. व्हर्जनचे तीन आकडे असतात, समजा ४.२.१. ही शिस्त टॉम प्रेस्टन-वर्नर नावाच्या माणसानं लिहून काढली, गिटहब सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. जगभरचे प्रोग्रामवाले ती मानतात, निदान मानतो म्हणतात. मी माझ्या भाषेत सांगतो.

शेवटचा आकडा वाढला तर समजा डवरणी झाली. पीक तेच, फक्त तण काढलं. मधला वाढला तर सोयाबीनमध्ये तुरीचं तास टाकलं. नवीन काही आलं, पण जुनं जागेवर आहे. पहिला वाढला तर पीकच बदललं, आता जुनी फवारणी चालणार नाही, थांबून आधी वाचा.

आमच्या बारदान्याचा बदल पहिल्या आकड्याचा होता. जुनी पद्धत त्यानं मोडली. यांनी शेवटचा आकडाही हलवला नाही.

दुसरी एक सोपी रीत आहे. उबंटू नावाची कॉम्प्युटरची एक प्रणाली आहे, तिच्या नंबरातच वर्ष आणि महिना असते. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. लॉटवरच्या तारखेसारखं. कोणतीही रीत घ्या, पण एक घ्या आणि पाळा.

मोठ्यांचं काय झालं तेही पाहा

कोणी म्हणेल, तुमच्या गटाचे ५४ हजार, त्याचं काय एवढं. तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं एक छोटी फाइल पाठवली आणि जगभरात अंदाजे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडून बंद झाले. विमानं अडली. आपल्या देशात इंडिगोनं प्रवाशांना हातानं लिहून बोर्डिंग पास दिले.

त्यातली खरी गोष्ट पुढे आहे. कितीतरी ठिकाणच्या ॲडमिन लोकांनी आधीच शहाणपण केलं होतं. नवीन आवृत्ती लगेच नको, एक आवृत्ती मागंच राहू, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. तरी ते सापडले! कारण ही फाइल आवृत्तीत धरतच नव्हती. ती वेगळ्या वाटेनं, न विचारता, सगळ्यांच्या मशीनमध्ये गेली. धुऱ्याला कुंपण घातलं आणि पाणी पाटातून आलं, तसं. त्यानंतर कंपनीला कबूल करावं लागलं की अशा फाइली कधी घ्यायच्या ते ग्राहक ठरवतील आणि त्यात काय आहे त्याची टिपणीही देऊ. जग थांबल्यावर जे सुचलं ते आधी सुचायला काय हरकत होती?

त्यांची उत्तरं आणि माझी

"इतकं कोण वाचतं?" अहो, चावडीवरची फेरफाराची नोटीसही सगळं गाव वाचत नाही. ज्याचं वावर आहे तो वाचते. गटात माझ्यासारखा एक वाचणारा पुरते, तो चाळीस जणांना सांगते.

"सुरक्षेच्या दुरुस्त्या तातडीच्या असतात, सगळं उघड केलं तर चोराला फावते." मान्य. तेवढंच लिहा: "सुरक्षेची तातडीची दुरुस्ती, तुमच्या हिशोबाला हात लावलेला नाही." पण सुरक्षेच्या पोत्यात बारदान्याची कपात भरून पाठवू नका.

"आमची कंपनी लहान आहे, लिहायला माणूस नाही." ज्यानं बदल केला त्याला तर माहीत आहे ना काय केलं? त्यानं दहा मिनिटं बसून लिहावं. त्याची दहा मिनिटं वाचली म्हणून आमचे नऊ दिवस गेले आणि एका पोराचं नाव गेलं.

"तुम्हीच बटण दाबलं." हो, दाबलं. समोर वाचायला काय होतं ते दाखवा, मग मला दोष द्या.

आमची मागणी

गटाच्या बैठकीत ठराव केला आहे. यापुढे सॉफ्टवेअर घेताना आणि जुन्याचा करार वाढवताना हे लेखी घेणार:

१. प्रत्येक बदलाला नवीन नंबर आणि तारीख. नंबर स्क्रीनवर दिसला पाहिजे आणि प्रत्येक पट्टीवर छापला पाहिजे.

२. वजन, कपात, ओलावा, भाव, व्याज, यातलं काहीही बदललं तर ते सगळ्यात वर, वेगळं, ठळक. "सुधारणा" म्हणून चालणार नाही. आधी कसं होतं, आता कसं, आणि एक उदाहरण सोडवून.

३. ॲडमिननं काय करायचं ते स्पष्ट. काही करायचं नसेल तर तसंही लिहा.

४. माहीत असलेल्या अडचणी लपवू नका. बियाण्याची उगवण ७० टक्के लिहिली तर मी दाट पेरतो, पण लिहा तरी.

५. मागं फिरायची वाट. नवीन चाललं नाही तर जुनी आवृत्ती परत कशी आणायची.

६. जुन्या सगळ्या टिपण्या जागेवर राहिल्या पाहिजेत, फेरफारासारख्या. चुकलेलीही.

७. मराठीत. काटा मराठी माणूस चालवते, पट्टी मराठी माणूस घेते.

८. ऐन खरेदीच्या हंगामात मोठा बदल नाही. फुलोऱ्यातल्या पिकात कोणी डवरा घालते काय?

आमच्याकडूनही एक शिस्त सुरू केली. गोडाऊनवर शंभर पानी वही ठेवली आहे. बदल आला की तारीख, वेळ, नंबर, कोणी बटण दाबलं ते लिहायचं. मग २० किलोचं वजन काट्यावर ठेवून पट्टी काढायची आणि ती पट्टी वहीत चिकटवायची. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या गटात, सोसायटीत, दूध संकलनावर, जिथं जिथं मशीनमधून पट्टी निघते तिथं हे करा. दुधाच्या फॅटवालं मशीनही यात आलं.

आणि कधी पट्टीत फरक आला तर आधी काट्यावरच्या पोराकडे पाहू नका. आधी विचारा, मशीनमध्ये काय बदललं? हे मी उशिरा शिकलो.

काल आलेला निरोप अजून स्क्रीनवर तसाच आहे. मी कंपनीला लिहून विचारलं आहे: काय बदललं, नंबर काय? उत्तर येईपर्यंत "थोड्या वेळाने" दाबत राहणार. वहीत लिहून ठेवतो आहे, आतापर्यंत किती वेळा दाबलं ते.

पाऊस अजून नाही. घाई करू नका, चांगली ओल झाल्याशिवाय पेरू नका. थैलीची चिट्ठी आणि बिल जपून ठेवा.

जय जवान, जय किसान.